भावजींचं ते हसणं

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. "भावजी कधी आवाज चढवत नाहीत, शिवी नाही, काही नाही, मग ताईला एवढं लागतं काय?" अरे तेच तर! चिडलेला माणूस निदान भांडतो, म्हणजे समोरच्याला बरोबरीचं तरी धरतो. हे भांडतच नाहीत, कारण ताई त्यांच्या खिजगणतीतच नाही.

मागे मी आलेलो तेव्हाचं आठवतंय का, ताई होमलोनच्या व्याजाबद्दल सांगत होती, सगळी माहिती काढून बसलेली बिचारी, आणि हे मोबाइलमधून मान वर न काढता नुसतं "हं, हं". मग एकदम आपल्याकडे बघून ओठाचा एकच कोपरा वर करून हसले आणि म्हणाले, "आमच्या अर्थमंत्री आहेत बरं का!" सगळे हसले, तू पण. ताईचं वाक्य अर्धंच राहिलं. आता यात पकडायचं तरी काय? ती काही बोलली असती तर "मस्करी पण कळत नाही का तुला" म्हणून परत पाणउतारा, वर हळवी तीच ठरणार.

ते एका बाजूचं हसणं आहे ना, पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली त्याच्यावर पेपर लिहिलाय, की वेगवेगळ्या देशांतले लोक या चेहऱ्यात तुच्छता ओळखतात. आणि जॉन गॉटमन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी तर जोडप्यांना लॅबमध्ये बसवून त्यांचे वाद रेकॉर्ड केले. टीका, अबोला, स्वतःचाच बचाव करत राहणं हे सगळं त्यांना घातक दिसलंच, पण घटस्फोटाची सगळ्यात मोठी खूण म्हणजे तुच्छता. डोळे फिरवणं, नक्कल करणं, टोमणे, हे सगळं त्यातच आलं. आरडाओरडा नव्हे!

ताईने काय करावं ते तिचं ती ठरवेल, उगाच "तू सहनच का करतेस" वगैरे लेक्चर देऊ नकोस, त्यातही तिलाच कमी लेखणं आहे. मला राग येतो तो आजूबाजूच्या मंडळींचा. असला टोमणा बंद खोलीत फारसा रंगत नाही रे, त्याला प्रेक्षक लागतात, आणि भावजी दरवेळी मारून झाला की आधी तुझ्याकडेच बघतात. पुढच्या वेळी हसू नकोस. भाषण पण ठोकू नकोस. सरळ ताईकडे वळून "हां, व्याजाचं काय म्हणत होतीस?" एवढं विचार आणि तिचं पूर्ण होईपर्यंत ऐक. भावजींचं तोंड वाकडं होईल, होऊ दे.

बाकी भेटल्यावर बोलू.

तुझाच,
मित्र