शेरेबुकातली ओळ

साखरपा, 21 जुलै 2024

प्रिय मास्तर,

मार्चमध्ये इथल्या शाळेत हजर झालो, त्याला चार महिने होऊन गेले. उन्हाळी सुट्टीत गावी आलो होतो. तुझ्या बागेच्या बांधावरून दोनदा गाडी नेली, दोन्ही वेळा थांबलो नाही. आज गुरुपौर्णिमा म्हणून लिहायला बसलोय असं समजू नकोस, एवढे संस्कार आपल्यावर कोणी केलेच नाहीत. गुरुवारी शाळेत एक गोष्ट घडली. बायकोला फोनवर सांगितली तर म्हणाली, "मग त्यात काय एवढं?" म्हणून तुला. तब्येत ठीक. सर्दी आहे, पण या पावसात इथं सगळ्यांनाच आहे. आपल्या सांगोल्याला वर्षभरात पडत नाही तेवढा इथं आठवड्यात पडतो.

तर गुरुवारी शाळा तपासायला केंद्रप्रमुख आले. आमचा पट अकरा. पहिली ते चौथी, मी आणि एक बाई. दुसरीत तिघं. त्यांना मी बत्तिसातून सतरा वजा करायला शिकवत होतो. झावळीचे हीर आणले होते, दहा-दहाच्या जुड्या बांधल्या होत्या. तीन जुड्या दशकाच्या घरात, दोन हीर एककाच्या घरात. दोनातून सात जात नाहीत, मग एककाची बाई शेजारी दशकाच्या दारात जाते, "वैनी, जरा एक जुडी उसनी द्या हो." जुडी सोडायची, बारा झाले, आता काढा सात.

ओळखलंस ना?

लका, 2010 चा तुझा सराव पाठ. कडब्याच्या पेंड्या घेऊन तू एसटीतून आला होतास आणि कंडक्टरने लगेज लावलं होतं. तो पाठ बघायला निरीक्षक म्हणून टोपीवाले सर बसले होते, आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा टाचणावर लाल शाई न वापरता वही परत दिली. मी मागच्या बाकावर पेंगत होतो. माझा पाठ दुसऱ्या दिवशी होता आणि त्याचं टाचणही तूच लिहिलेलं होतं, आठवतंय? मी फक्त नाव बदललं, आणि एका पानावर तेही बदलायचं राहिलं.

केंद्रप्रमुख खूश. मोबाइलवर फोटो काढले. शेरेबुकात लिहिलं, "दशक-एकक संकल्पनेचे नावीन्यपूर्ण अध्यापन." मग विचारलं, "ही कल्पना कोणाची?"

मी म्हणालो, "माझीच, साहेब."

एवढंच. कोणी अडवलं नाही, कोणाला कळणारही नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ते खोटं बोलल्याचं नुसतं नव्हतं. मला खरंच शिकवता येत नाही, मास्तर. हे मी कोणाला सांगू? 2011 ला डी.एड. झालो, 2012 च्या मे मध्ये भरती बंद झाली. 2013 ला टीईटी, म्हणजे पात्रता परीक्षा, काढली, 2017 ला टेट, म्हणजे भरतीची परीक्षा, दिली, 2023 ला परत दिली. मधली सगळी वर्षं कृषी सेवा केंद्रात खताची पोती मोजली आणि रात्री बुद्धिमत्तेची गणितं सोडवली. टेटचे दोनशे प्रश्न, एकशेवीस मिनिटं. एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. घड्याळाचे काटे काटकोनात किती वाजता येतात ते तू मला झोपेतून उठवून विचार. पण पहिलीतला पोरगा 'ग' आणि 'म' मध्ये गोंधळला की मी नुसता त्याच्याकडे बघत राहतो. बारा वर्षं शिक्षक व्हायची परीक्षा दिली, आणि त्यात शिकवणं तेवढं राहून गेलं. पोरं मला गुरुजी म्हणतात तेव्हा मागं कोण आलं म्हणून बघावंसं वाटतं. आणि तुला अख्खं गाव मास्तर म्हणतं, तुझ्याकडं ना हजेरीपट ना शाळा.

मानधन सोळा हजार, पहिली तीन वर्षं. दुकानात शेवटी मला चौदा मिळत होते आणि घरचं जेवण होतं. आता खोलीभाडं, गॅस आणि गाडीखर्च जाऊन हिशेब तूच कर, उसनं मात्र घेऊ नकोस. तरी आबा गावभर पेढे वाटून आले. "पोरगा सरकारी झाला." पंचवीस फेब्रुवारीला भरतीची यादी लागली तेव्हा अकरा हजार नावांत आपलं नाव बघून मी पहिला फोन तुलाच लावला होता. तू उचलायच्या आत कट केला. मिस्ड कॉल बघून तूच परत लावलास आणि माझ्याआधी तूच ओरडलास.

तो फोन का कट केला, ते आज सांगतो. आधी एक जुनं भांडण मिटवू. त्या संस्थेने शाळेतल्या नोकरीसाठी आठ लाख मागितले होते आणि आबा ओढ्याकडचं रान विकायला निघाले होते, तेव्हा तू आमच्या दारात उभा राहून आबांना म्हणालास, "रान विकून फळा घेऊ नका." मी तुला काय काय बोललो! स्वतःकडे द्यायला नाहीत म्हणून दुसऱ्याचं होऊ देत नाहीस, हेही बोललो. सहा महिने आपण एका टपरीवर वेगवेगळा चहा प्यायलो. पुढे तिथं पैसे भरलेल्या लंबूला मान्यताच आली नाही, कितीतरी वर्षं बिनपगारी राबला. रान अजून आहे. यंदा त्यात बाजरी आहे. हे तुला कधी म्हणालो नव्हतो, आता म्हणतो. तुझं बरोबर होतं.

आता दुसरं. 2023 च्या टेटचे फॉर्म सुटले तेव्हा तुझ्या डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग आला होता. तू रोज फवारणीत. मला शेवटची तारीख पाठ होती. तुझं टीईटीचं प्रमाणपत्र माझ्याच फाइलमध्ये होतं, सात वर्षांची मुदत जाऊन ते आजन्म चालणार झालं होतं, हेही मला माहीत होतं. रोज म्हणायचो, आज फोन करतो. केला नाही. मुदत गेल्यावर केला आणि "अरे, तू भरलास ना?" असं विचारलं. विसरलो होतो का? बाहेर कोणी विचारलं तर विसरलो होतो. पण तू आपल्या सगळ्यांत हुशार, आणि 2017 ला तुझे माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त होते. ते अकरा गुण मी मनातून कधी काढले नव्हते.

आता तू शिव्या दे. फोनवर दे, पत्रात नको, आमचा पोस्टमन सगळं वाचतो असं बाई म्हणतात.

यंदा डाळिंबाला भाव आहे असं ऐकतो, बहार टिकला ना? वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? धाकटी शाळेत जायला लागली असेल. तिला 'क' पासून सुरू करू नकोस, असं तूच कधीतरी म्हणाला होतास. का, ते आठवत नाही.

आणि मुख्य काम राहिलंच. केंद्रप्रमुख गेल्यावर दुसरीतल्या तिघांतली एक पोरगी हात वर करून उभी राहिली. अंगाने एवढीशी, पण डोळे तुझ्या आईसारखे. म्हणाली, "गुरुजी, वैनीकडनं जुडी उसनी आणली, ती परत कधी द्यायची?"

मला उत्तर आलं नाही. उद्या सांगतो म्हणालो. शुक्रवारी पावसाची सुट्टी मिळाली, शनिवारी ती आली नाही म्हणून वाचलो. तुझ्या पाठाच्या वेळीही कुठल्या तरी पोराने हेच विचारलं होतं आणि तू काहीतरी सांगितलं होतंस, सगळा वर्ग हसला होता, टोपीवाले सरसुद्धा. त्या हसण्यानेच मला जाग आली, त्यामुळे उत्तर ऐकायचं राहिलं.

ते काय होतं, कळव. पत्राने नको, फोनवर; पोरगी वाट बघतेय. खोलीवर रेंज नसते, आठ वाजता मी देवळाच्या पायऱ्यांवर असतो.

तुझा,
मागच्या बाकावरचा

ता. क. प्रमाणपत्र फाइलसकट रजिस्टरने पाठवतोय. फोटो आणि सहीचा स्कॅन मला पाठव. पुढच्या टेटचा फॉर्म मी भरणार, पहिल्याच दिवशी.