रिझर्व्हची आठ वर्षं

चि. ताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला फॉर्म मिळाला. मोठ्या अक्षरात छापून घेतला, त्यामुळे वाचताही आला. तू बराचसा भरूनच ठेवलायस, माझी सही तेवढी बाकी आहे. ती मी करणार नाही. फोनवर हा विषय निघाला की दोन मिनिटांत तू ‘आबा, बीपी’ म्हणतेस आणि बोलणं तिथंच राहतं, म्हणून लिहून कळवतो आहे. सावकाश वाच. जावईबापूंनाही दाखव, त्यांना सरकारी भाषा आपल्यापेक्षा बरी कळते.

तो फॉर्म पेन्युरी ग्रँटचा आहे. केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत. पासष्टच्या पुढचा, हवालदार हुद्द्यापर्यंतचा आणि पेन्शन नसलेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा यांना ध्वजदिन निधीतून ती मिळते. २०२५ च्या नोव्हेंबरपासून महिन्याचे ४००० होते ते ८००० झाले. योजना चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. ज्याला पुढंमागं कोणी नाही त्यानं ती जरूर घ्यावी. पण त्यात मी निराधार आहे असं धरलेलं आहे, आणि तू दर महिन्याला न चुकता पैसे पाठवतेस. मग मी कशाच्या आधारावर तसं लिहून देऊ? आणि दुसरं कारण याहून मोठं. त्या कागदावर ‘मला पेन्शन लागू नाही’ असं मी माझ्या हातानं लिहून सही केली, की रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे आमचे नोकरीचे कागद सांभाळणारं फौजेचं कार्यालय, जे म्हणतंय तेच मी कबूल केल्यासारखं होईल. माझं भांडणच त्या एका वाक्याशी आहे.

तुम्हा सगळ्यांना वाटतं, मी सात वर्षं मिलिटरीत होतो. तुझ्या आईलाही तसंच वाटतं. गावात तर कोणी विचारलं तर ‘सात वर्षं नोकरी करून परत आला’ असंच सांगतात. ते बरोबर नाही. मी १९६३ साली भरती झालो. चीनच्या लढाईनंतर आणीबाणी लागू होती आणि भरती जोरात चालली होती. माझा करार पंधरा वर्षांचा होता. सात वर्षं कलर सर्व्हिस, म्हणजे पलटणीत, आणि आठ वर्षं रिझर्व्ह. १९७० ला मला घरी पाठवलं ते सोडलं म्हणून नव्हे, रिझर्व्हला पाठवलं. सुटलो १९७८ ला.

रिझर्व्ह म्हणजे काय ते तुम्हाला सांगितलंच नाही कधी. माणूस घरी राहतो, औत धरतो, लग्न करतो, आणि नाव मात्र फौजेच्या यादीत असतं. ट्रेनिंगला बोलावलं की जायचं. लढाई लागली तर जायचंच. इंग्रजांच्या वेळचा १८८८ चा रिझर्व्ह फोर्सेस कायदा आहे, बोलावणं येऊन हजर न झाल्यास शिक्षा होते. मला वाटतं या वादात सगळ्यात सरळ मुद्दा हाच. ती आठ वर्षं जर नोकरी नव्हती, तर न गेल्याबद्दल शिक्षा कशाची होती?

त्या वर्षांत पक्कं काम मिळणं अवघड होतं. कोणी कामावर घेताना विचारायचा, तुम्हाला परत बोलावणार का? खोटं बोलता येत नसे, कारण कार्ड दाखवावं लागे. ‘हो’ म्हटलं की मालकाचा चेहरा बदलायचा. तुझे आजोबा वैतागून म्हणायचे, हा ना घरचा ना पलटणीचा. मी हातात येईल ते काम केलं, त्याची तक्रार नाही.

आणि बोलावलंच की. १९७१ ला. तू आईच्या पोटात होतीस. डिसेंबरात ३ तारखेला लढाई सुरू झाली आणि १६ ला ढाक्यात शरणागती झाली. मला पुढच्या मोर्च्यावर नेलं नव्हतं, मागं रसदीच्या कामावर होतो. ट्रक भरणे, खाली करणे, रात्री पहारा. तू लहानपणी शाळेत मी टँक उडवला म्हणून सांगून आली होतीस, तसलं काही घडलेलं नाही. १९६५ ला मात्र मी पलटणीतच होतो, त्याचं रक्षा मेडल ट्रंकेत आहे. एकाहत्तरचं संग्राम मेडलही तिथंच आहे. दोन्हीची रिबनं वाळवीनं खाल्ली, धातू शाबूत आहे.

आता पेन्शनचं. जवानाला साधी सर्व्हिस पेन्शन मिळायला पंधरा वर्षं नोकरी लागते, हे खरं. म्हणूनच आमच्यासारख्यांना वाटायचं की आपल्याला काही नाही. पण फौजेच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीत कलम १५५ आहे. त्यात रिझर्व्हिस्ट पेन्शन सांगितली आहे. कलर आणि रिझर्व्ह मिळून पंधरा वर्षं पुरी झाली असली की ती मिळते. रक्कम शिपायाच्या सगळ्यात कमी पेन्शनच्या दोन तृतीयांश धरतात. हे मला माझ्याबरोबर भरती झालेल्या एका मित्रानं सांगितलं. त्याच्या हातात पेन्शनची ऑर्डर आहे, पीपीओ म्हणतात ती. आम्ही बरोबर भरती झालो आणि बरोबरच रिझर्व्हला गेलो. त्याच्या अर्जाचं कोणी तरी वेळेवर बघितलं, माझ्याकडे कोणी विचारायला आलं नाही, एवढाच फरक.

तर मी रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज केला. उत्तर आलं. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, माझी नोकरी सात वर्षं, म्हणून पंधराला कमी. आठ वर्षांचा उल्लेखच नाही. दोन, माझे कागद उपलब्ध नाहीत, कारण पेन्शन नसलेल्यांचे सर्व्हिस डॉक्युमेंट पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. नियम तसा आहे, ते खोटं बोलत नाहीत. पण गंमत बघ. मला पेन्शन नाही असं धरून माझे कागद जाळले, आणि आता पेन्शन पाहिजे असेल तर कागद दाखवा म्हणतात. हे वाचून मला राग यायच्या ऐवजी हसूच आलं. तुझी आई घाबरली, म्हणाली, यांना काय झालं.

पण सगळं जाळलेलं नसतं. रेकॉर्ड ऑफिसात लाँग रोल नावाचं मोठं रजिस्टर असतं, ते कायम ठेवतात. नंबर, नाव, भरतीची तारीख, सुटण्याची तारीख आणि कारण, एवढं त्यात असतंच. शिवाय माझं डिस्चार्ज बुक माझ्याजवळ आहे. त्यात रिझर्व्हला पाठवल्याची नोंद आहे, आणि शेवटच्या पानावर सुटण्याचं कारण ‘कराराची मुदत पूर्ण’ असं लिहिलंय. ही ओळ महत्त्वाची. ज्यांच्या बुकात ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असं पडलंय त्यांची केस कच्ची होते. कित्येकांनी घरी कोणी आजारी म्हणून सुटका मागितली होती, तेव्हा एका शब्दानं काय फरक पडेल हे त्यांना कुणी समजावलं नाही. त्यांच्यासाठी जीव तुटतो, पण त्यांचं मी काही करू शकत नाही.

तर तुझ्याकडून मला काय हवंय ते सांगतो. रेकॉर्ड ऑफिसला माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझ्या नंबराचा लाँग रोलमधला उतारा माग, आणि रिझर्व्हची तारीख कधीपासून कधीपर्यंत ते वेगळं विचार. ‘माझ्या वडिलांना पेन्शन का नाही’ असलं काही लिहू नकोस. ‘का’ विचारलं की त्यांना गोल उत्तर देता येतं, तारीख विचारली की तारीखच द्यावी लागते. अर्ज माझ्या नावानं कर, सही मी करीन, ती सही करायला मी तयार आहे.

नावाकडे लक्ष दे. भरतीच्या बाबूनं माझं आडनाव इंग्रजीत त्याला ऐकू आलं तसं लिहिलंय, आधार कार्डावर वेगळं आहे. जन्मतारीख दोन्हीकडे १ जून आहे, ती आमच्या मास्तरांची कृपा, अख्ख्या वर्गाची तीच होती. आडनावासाठी प्रतिज्ञापत्र लागेल.

आणि तुझ्या आईचं नाव. लग्न रिझर्व्हमध्ये असताना झालं, त्यामुळे फौजेच्या कागदावर मी अजून अविवाहित आहे. पलटणीत असतो तर लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेतली अधिकृत नोंद, निघाली असती. उद्या माझ्या माघारी तिला काही मागायचं झालं तर आधी ती माझी बायको आहे हे सिद्ध करत बसावं लागेल. मला पैशांपेक्षा या गोष्टीची जास्त घाई आहे. लग्नाचा दाखला त्या काळी कोण काढत होतं? ग्रामपंचायतीत विचार, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचार. तिथले बाबू बरे आहेत, नीट सांगतात.

मधे एक माणूस घरी येऊन गेला. म्हणाला, पेन्शन काढून देतो, थकबाकीतला तिसरा हिस्सा माझा. त्याला पाणी पाजून वाटेला लावलं. तुझा नंबर कुठून तरी मिळवून तुलाही फोन करील, त्याला आधारचा फोटो पाठवू नकोस.

थकबाकीचा तू हिशोब करून ठेवलायस हे आईकडून कळलं. १९७८ पासूनचे पैसे मिळणार नाहीत. तरसेम सिंग म्हणून एका फौजीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००८ साली सांगितलंय की पेन्शन न देणं हा दर महिन्याला नव्यानं होणारा अन्याय आहे, म्हणून उशीर झाला तरी दार बंद नाही. पण मागची थकबाकी साधारणपणे अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच. मला हे पटतं. इतकी वर्षं मागितलं नाही, तर सगळंच एकदम मागणंही बरं दिसत नाही. पुढचं लागू होऊ दे.

आता घाई कशाची ते. नकाराचं पत्र निघाल्यापासून सहा महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणात जावं लागतं. २००७ चा कायदा आहे, मुंबईला त्याचं खंडपीठ आहे. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो म्हणतात, पण ऐंशीच्या माणसानं उशिराची सवलत कशाला मागत बसायचं? पत्राचा लिफाफा मी जपून ठेवलाय, त्यावर पोस्टाचा शिक्का आहे. फौजेच्या केसेस केलेला वकील बघ. फी आधी ठरव आणि कागदावर लिहून घे. मित्राच्या पीपीओची झेरॉक्स मी त्याच्याकडून मागवून घेतो, तो नाही म्हणणार नाही. एकाच करारावर भरती झालेल्या दोघांपैकी एकाला मिळते, हे साहेबांच्या पुढं ठेवायला तेवढा एक कागद पुरे.

तू म्हणतेस, आबा तुम्हाला काय कमी आहे. काही कमी नाही. पैसे आले तर नको म्हणणार नाही, त्यातून आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होईल, आणि त्यासाठी तुझ्यापुढं हात पसरावा लागणार नाही हेही खरं आहे. उगाच त्यागी माणसाचा आव आणत नाही. पण कोर्टात हरलो तरी चालेल, त्या आठ वर्षांचा आकडा कुठल्या तरी सरकारी कागदावर आला पाहिजे. आत्ता तो फक्त माझ्या डिस्चार्ज बुकात आहे आणि ते बुक फाटत चाललंय.

येत्या सुट्टीत ये तेव्हा स्कॅनरवाल्या माणसाकडे आपण दोघं जाऊ. मुलांना आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार.

तुझे,
आबा

ता. क. मागच्या वेळी तू माझं रेशन कार्ड लॅमिनेट करून आणलंस, तसं डिस्चार्ज बुकाचं करू नकोस. मागच्या पानावरचे शिक्के उजेडात धरून बघावे लागतात.