ते विषारी फुलपाखरू नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाठीवर कवटीसारखी आकृती असलेल्या कीटकाचा फोटो गेल्या आठवड्यात आपल्या सातारा आवृत्तीत ‘विषारी फुलपाखरू’ म्हणून छापून आला. दुसऱ्याच दिवशी आमच्या आळीत दिव्यावर आलेला असाच एक कीटक केरसुणीने चेचला गेला. मारणाऱ्या काकूंना दोष कसा देऊ? पेपरात आलेलं त्यांनी खरं मानलं.

हे फुलपाखरू नाही, पतंग आहे. कुल स्फिंजिडी, म्हणजे हॉक मॉथचं; प्रजाती ॲकेरॉन्शिया. या प्रजातीत जगात तीनच जाती आहेत. ॲट्रोपॉस ही मुख्यतः आफ्रिका आणि युरोपातली. आपल्याकडे स्टिक्स आणि लॅकेसिस या दोन. ही सगळी नावं ग्रीक पुराणातल्या पाताळातल्या नद्या आणि नियतीच्या देवतांवरून घेतलेली. तिकडेही या कवटीने माणसं घाबरलीच होती. प्रत्यक्षात ती कवटी म्हणजे पाठीवरच्या खवल्यांचा रंग, एवढंच. स्टिक्सचे मागचे पंख पिवळे असून त्यांवर दोन काळे पट्टे असतात. लॅकेसिस आकाराने मोठा, त्याच्या मागच्या पंखांच्या मुळाशी मोठा काळा डाग असतो.

या पतंगाला नांगी नाही आणि तो चावतही नाही. हातात धरला तर उंदरासारखा चीं-चीं करतो, त्यानेच माणूस दचकतो. तो आवाज सोंडेतून हवा आत ओढल्याने आणि पुन्हा बाहेर सोडल्याने होतो. इतर हॉक मॉथची सोंड लांब आणि बारीक असते. याची मात्र आखूड, जाड आणि टोकदार. कारण तो फुलांपेक्षा पोळ्यावर जातो आणि मेणाची झाकणं फोडून मध पितो.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्याकडे सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत आणि रात्री पेटीच्या दाराशी हा चोर मी स्वतः पकडला आहे. तरी मी त्याला मारत नाही. दार अरुंद केलं, की एवढं मोठं अंग आत जात नाही. मधमाश्या जातात-येतात, काम भागतं.

तीळ लावणाऱ्यांना याची अळी ओळखीची असेल: बोटाहून लांब, अंगावर तिरपे पट्टे, शेपटाशी शिंग. ते शिंगही टोचत नाही. चार-दोन अळ्या दिसल्या तर हाताने वेचून बांधावरच्या घाणेरीवर सोडाव्यात, तीही त्यांना चालते. तेवढ्यासाठी फवारणी करू नये. तीळ फुलावर असला तर त्या औषधाने माझ्या माश्या आधी मरतात.

मांघरला 2022 साली ‘मधाचं गाव’ म्हणून मान मिळाला, तो आपल्याच जिल्ह्यात. इथल्या वाचकांना कीटकांची माहिती तरी अचूक मिळावी. कृपया खुलासा छापावा, आणि सोबत तोच फोटो पुन्हा द्यावा. त्यात पंख पसरलेले असून मागच्या पंखांवर दोन पट्टे स्पष्ट दिसतात. माझ्या मते तो स्टिक्स आहे.

आपला,
एक मधपाळ वाचक
मेढा, ता. जावळी, जि. सातारा