नळाला पाणी सव्वापाचला येतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुन्हेगारीवरच्या मालिका बघताना तपशिलांचा काथ्याकूट कशाला, मजा घ्यावी आणि झोपावं, अशा सुराचं एक पत्र आपल्या अंकात वाचलं. मी ३१ वर्षं ठाण्याच्या कोर्टात लघुलेखिका होते. साक्षीदार बोलायचे, न्यायाधीश सांगायचे आणि मी टाइप करायचे. खून, दरोडे, हुंडाबळी, सगळं या बोटांखालून गेलं. आणि तरीही जेवणं आटोपली की मीही त्याच मालिका लावते. तेव्हा हे पत्र सोवळं नेसून लिहिलेलं नाही.

प्रश्न एवढाच, की मजा येते ती कशाची? कचराळी तलावाच्या फेऱ्या झाल्या की आमचा बायकांचा कट्टा बसतो. मागे एका वेबसिरीजवर तिथे अर्धा तास चर्चा रंगली. मी सहज म्हटलं, "अगं, ते सगळं रचलेलं आहे." (खरं तर मला काहीच ठाऊक नव्हतं, गंमत म्हणून बोलले.) दोन मिनिटांत विषय कोथिंबिरीच्या जुडीवर गेला! म्हणजे 'सत्य घटनेवर आधारित' या पाटीनेच अंगावर काटा येत होता. मग पाटी लावायची तर माल तोच द्या.

आणि खरा माल बहुतेक वेळा जास्त चवदार असतो. नानावटी खटलाच घ्या. नौदल अधिकारी नानावटींनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या, तो खटला. २०१६ मध्ये त्यावर बेतलेला हिंदी सिनेमा आला, तो ज्युरीच्या 'निर्दोष'वर संपला. त्यामुळे नानावटी तिथेच सुटले, असं आमच्या कट्ट्यावर अजूनही छातीठोकपणे सांगतात. घडलं ते असं : ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने मार्च १९६० मध्ये जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर १९६१ मध्ये ती कायम केली. सुटका झाली १९६४ मध्ये, राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांच्या माफीने, आणि आहुजांच्या सिंधी समाजाने रागावू नये म्हणून त्याच वेळी भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही माफी मिळाली. यापुढे कुठला ट्विस्ट टिकेल? सरकार पक्षाचा एक मुद्दा तर मला तोंडपाठ आहे : झटापटीत गोळ्या सुटल्या म्हणता, मग नुकत्याच आंघोळ करून आलेल्या मृताच्या कमरेचा टॉवेल सुटला कसा नाही? टॉवेल! असं लेखकाला बसल्या जागी सुचत नाही.

आता माझ्या समोर घडलेलं. साल आणि गाव सांगत नाही. इमारतीखाली इस्त्री करणारी एक बाई साक्षीला आली होती. उलटतपासणीत वकिलांनी घेरलं. हातात घड्याळ नाही, टपरीत घड्याळ नाही, मग सव्वापाच वाजले होते हे कशावरून? बाईंनी पदर सावरला नि म्हणाल्या, "साहेब, आमच्या नळाला पाणी सव्वापाचला येतं. हंडा लावला नि कपडे द्यायला वर गेले. खाली आले तर हंडा वाहत होता." वकील कागद चाळत राहिले. पंख्याचा तेवढा आवाज.

काही वर्षांनी त्या प्रकरणावर टीव्हीवर एक भाग झाला. नावं बदललेली, पण आळीला पाच मिनिटांत कळलं. इस्त्रीवालीच्या जागी नटवी तरुणी, आरोपीच्या चिठ्ठ्या पोहोचवणारी, शेवटी कटातच सामील. हंडा गायब. मग आळीतली पोरं खऱ्या बाईंना विचारू लागली, "मावशी, तुम्हाला किती मिळाले?" त्या मला जांभळी नाक्याला भाजी घेताना भेटल्या, तेव्हा हे हसत हसत सांगितलं. पण त्या इमारतीतले कपडे घेणं त्यांनी बंद केलं होतं.

नावं बदला, चाळीचा टॉवर करा, ऐन उन्हाळ्यात पाऊस पाडा, माझी काही हरकत नाही. पण न केलेला गुन्हा जिवंत माणसाच्या गळ्यात घालू नका, आणि निकाल बदलू नका. दोन थपडा, कबुली, समाप्त, हेही आवरा. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ आहे. मालिकांवर वाढलेले नातेवाईक कोर्टाच्या व्हरांड्यात आम्हालाच धरायचे, "त्याने कबूल केलंय ना, मग अजून तारखा कसल्या?" त्यांना समजावता समजावता जेवणाची सुट्टी संपायची.

परवा कट्ट्यावर हंड्याची गोष्ट सांगितली. कोथिंबिरीचा विषय निघाला नाही. एकीने एवढंच विचारलं, "पण हंडा भरायला वेळ किती लागतो?" न्यायाधीशांनीही तेच विचारलं होतं. उत्तर मीच टाइप केलंय : "सात-आठ मिनिटं, साहेब. पाण्याला दाब असला तर."

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका
पाचपाखाडी, ठाणे
(कृपया नाव छापू नये.)