अनूस, दुबईच्या पत्त्यावर

नागपूर
रविवार, दुपार

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज पाहिला. त्यावर मी नुसता अंगठा पाठवला, म्हणून तू समजली असशील की आई अजून फुगूनच आहे. तसं नाही ग. निघायच्या आदल्या रात्री तू म्हणाली ना, "आई, काटोलचं गणित दुबईत चालत नाही," ते लागलं, पण अगदीच खोटं नव्हतं. बाबा ताटातली सांबारवडी तशीच टाकून उठले त्याचं जास्त वाईट वाटलं. ते काही बोलणार नाहीत, तुला माहीत आहे. म्हणून मी लिहिते आहे. भांडण पुढे न्यायचं नाही आणि चेकबद्दल एक अक्षर काढायचं नाही, असं ठरवूनच बसले आहे.

माईंना सांगितलं की अनूची तिथली कंपनी शंभर टक्के तिच्याच नावावर आहे. त्यांनी लगेच विचारलं, "मग त्या शेखला काय द्यावं लागते?" कुठून तरी ऐकलेलं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पूर्वी होतंच तसं, ५१ टक्के तिथल्या माणसाच्या नावे. २०२१ मध्ये ते बदललं, हे मी त्यांना अगदी तुझ्याच आवाजात समजावलं. समोरच्या काकूंनाही समजावलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

आजोबांचा गाळा जुन्या संत्रा मार्केटात होता तेव्हा मी नवी सून होते. लाकडी पेट्या, आत तणीस, पेटीच्या बाजूवर शाईनं गावाचं नाव. मामंजींचा हिशेब साधा होता. माल इटारसीला गेला काय किंवा दिल्लीला, पैसे आठवड्यात आले नाहीत की ते धोतर सावरत रेल्वेत बसायचे आणि त्या माणसाच्या दुकानात जाऊन ठाण मांडायचे. चहा प्यायचे, हसायचे, पण उठायचे नाहीत. पैसे घेऊनच यायचे. तू दुबईहून मस्कतला माल देणार, मग दोह्याला देणार म्हणते. तिथे कोणाच्या दुकानात जाऊन बसशील तू? हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, खरंच विचारते आहे. तुझ्याकडे उत्तर असेलही.

बांगलादेशचं तुला अर्धंच माहीत आहे, कारण तू तेव्हा पुण्यात होती. आपल्या संत्र्याचं परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेव्हा तेच. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड, सगळ्यांचा जीव बंगालच्या सीमेवरच्या त्या एका पेट्रापोलच्या नाक्यात. २०१९ पासून त्यांनी आयात कर वाढवत नेला, तो चारेक वर्षांत चौपटीच्याही वर गेला. मधल्या २०२२ मध्ये त्यांच्याकडे डॉलर आटले, तर फळं चैनीच्या मालात धरली आणि एलसी, म्हणजे माल देणाऱ्याला बँकेची पैशाची हमी, उघडायची तर आयातदारानं सगळी रक्कम आधीच बँकेत भरायची, असं झालं. आपल्या माणसानं एलसी उघडलीच नाही. ट्रक नाक्यावर उभे. मधला दलाल रोज फोनवर सांगे, माल नरम पडला, दर कापा. यात बाबांचं काय चुकलं? काहीच नाही. त्या बांगलादेशी व्यापाऱ्याचंही फार चुकलं असेल असं मला वाटत नाही. दोन देशांच्या मधे माल सापडला, एवढंच. पण बगीचेवाल्यांना बाबांनी पुढच्या तारखांचे चेक दिलेले होते, आणि त्या तारखांना नाक्यावर काय चाललंय याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. दिग्रसचे भाऊजी चेक बँकेत न टाकता खिशात घेऊन आले, ओट्यावर बसले आणि पावसापाण्याचं बोलत राहिले. चेक टाकला असता तर आपल्याकडे कलम १३८ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यांनी टाकला नाही. बेशाचा प्लॉट कसा गेला ते तुला ठाऊक आहे.

बघ, आलाच चेक.

आता निघालाच आहे तर एकदाच बोलते. गोदामाच्या भाड्याचे चार चेक तू सही करून दिले. तिथे तीच रीत आहे हे मान्य. २०२२ च्या जानेवारीपासून चेक न वटणं तिथे सहसा गुन्हा राहिला नाही, हेही तू सांगितलं ते खरं निघालं, मी मुकुंदाकडून सगळं वाचून घेतलं. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग तू सांगितला नाही. आता चेक परत आला की घेणाऱ्याला वेगळा खटला लढावा लागत नाही. तो थेट वसुलीच्या न्यायाधीशाकडे जातो, खाती गोठवता येतात, देश सोडायला बंदी येऊ शकते. खात्यात थोडेच पैसे असले तर बँक तेवढे आधी देऊन टाकते, म्हणजे पगाराला ठेवलेले असले तरी गेले. कैद टळली, पण माणूस तिथेच अडकला तर माझ्यासाठी काय फरक आहे? बाबांना साखर आहे, माई ऐंशीच्या पुढे. आम्हाला गरज पडली आणि तुला विमानात बसू दिलं नाही तर?

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

तुझ्या धंद्याचा माल मला कळतो, हिंमतही कळते. मला कळत नाही तो मधला काळ. बगीचेवाला आठ दिवसांत रोख मागतो. तिथलं मोठं दुकान माल घेतं, शेल्फवर लावायचे वेगळे पैसे घेतं, आणि नव्वद दिवसांनी देतं, तेही नासका माल वजा करून. म्हणजे तीन महिने ते दुकान तुझ्या पैशावर चालतं आणि तू कर्जाच्या. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, ३.६७२५, तो हलत नाही. हलतो आपला रुपया. भाडं दिरहमात, कर्ज रुपयात, आणि बँकेला ठरलेल्या मुदतीत निर्यातीचा पैसा देशात आलेला दिसला पाहिजे, नाहीतर तिचं पत्र येतं. आणि वरून सरकार. २० जुलै २०२३ आठवते ना? रात्रीतून बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद. गोंदियाचा तुझा माल गिरणीत पडलेला. तू रडली नाही, दोन दिवसांत उकड्या तांदळाकडे वळली. महिना उलटला आणि उकड्यावरही २० टक्के कर. तेव्हाही तू त्या गिरणीवाल्याला आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला दोघांनाही स्वतः फोन करून तोटा वाटून घ्यायला लावला. बाबा दाराआड उभे राहून ऐकत होते. नंतर मला म्हणाले, "मले नसतं जमलं." हे तुला त्यांनी सांगितलं नसणार.

दशहऱ्याचंही आठवलं. तुझा तो दुबईचा मॅनेजर चिडला होता की ऐन ऑर्डरच्या दिवशी पॅकहाऊसमध्ये कोणी कसं नाही. तू त्याला शांतपणे सांगितलं की त्या दिवशी आमच्या मुली दीक्षाभूमीवर जातात, हे तुझ्या कॅलेंडरात लिहून ठेव, ईद मी माझ्यात लिहिलेली आहे. तो मुकाट्यानं ऐकून राहिला. ग्रेडिंगच्या मशीनपाशी पोत्यावर बसून "हा बारीक, हा मोठा" ओरडणारी माझी पोट्टी दोन देशांतल्या माणसांना अशी सांभाळते, हे बघून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. तू तेव्हा चार-पाच वर्षांची असशील. दिवाळीचा फ्रॉक संत्र्याच्या रसानं पिवळा झालेला आणि तो काढायला तयार नव्हती.

संत्र्याचं मात्र जपून कर. आपलं फळ चवीला कोणाला ऐकत नाही, पण सालं सैल, बिया भरपूर, टिकायला नाजूक. तिथे शेजारी इजिप्तचं, दक्षिण आफ्रिकेचं, स्पेनचं बिनबियांचं चकचकीत फळ मांडलेलं असणार. आंबिया बहाराचा माल आधी थोडा पाठव, शीतसाखळी कुठे तुटते ते बघ. भिवापुरी मिरची आणि तूरडाळ वाट बघतात, संत्रा बघत नाही. २०२२ च्या मे महिन्यात भारत आणि अमिरातीचा तो व्यापार करार लागू झाल्यापासून कर कमी झाले असतील, पण कर कमी झाला म्हणून फळ जास्त दिवस टिकत नाही.

आणखी एक, हे हिशेबनीस म्हणून. नागपूरची कंपनी तुझी, दुबईची तुझीच. म्हणजे बिल तूच फाडणार आणि तूच घेणार. दर परक्याला लावशील तोच लाव, आणि त्याचा कागद त्याच दिवशी फाईलला लाव. सीए काकांना अशा आपल्याआपल्यातल्या परदेशी व्यवहारांचा दाखला करखात्याला द्यावा लागतो, ऐन वेळी त्यांच्यापुढे रिकामी फाईल नको. ईसीजीसीची, म्हणजे गिऱ्हाइकानं पैसे बुडवले तर भरपाई देणाऱ्या सरकारी निर्यात विम्याची, पॉलिसी घेतली म्हणाली, छान. पण आपल्याच कंपनीला पाठवलेल्या मालावर ते कवच कुठपर्यंत चालतं ते लेखी विचारून घे, फोनवर नाही.

झालं, पुन्हा मी खातेवही उघडून बसले. माफ कर. तुला जेवली का, झोपली का हे विचारायचं होतं. आपल्यात दीड तासाचं अंतर, त्यामुळे आमच्याकडे रात्रीचे अकरा वाजले तरी तू ऑफिसात असते, आणि सकाळी सहाला पॅकहाऊसचे फोन सुरू झाले की तिथे साडेचार. दोन्हीकडचं जग तुझ्याच उशाशी. शनिवार-रविवार तरी फोन बंद ठेवत जा, तिथेही आता तीच सुट्टी आहे.

आता खरं ज्यासाठी बसले ते. बँकेचे कागद आलेत, काटोलचा बगीचा तारण ठेवायचे. बाबा म्हणतात करून टाकू सही, पोरगी बुडवणार नाही. मीही तेच म्हणते, तू बुडवणार नाही. पण नाक्यावर ट्रक अडले तेव्हा बाबांनीही कोणाला बुडवलं नव्हतं. मी त्यांना सही करू नका असं म्हटलेलं नाही, फक्त थांबा म्हटलं. दोन गोष्टी हव्यात. एक, कर्ज कंपनीच्या नावावर आणि हमी ठरावीक रकमेपुरती, सगळ्या बगीच्यावर नाही. विहिरीकडचा तुकडा बाहेर ठेव, तो माईंचा आहे. दोन, भाड्याच्या उरलेल्या तीन चेकांइतके दिरहम तिथल्या वेगळ्या खात्यात आधी ठेव, आणि त्या खात्याला पगारासाठी, मालासाठी, कशासाठीही हात लावायचा नाही. एवढं दाखवलं तर मी स्वतः बाबांना घेऊन बँकेत जाते.

बुधवारी रात्री तुमच्या आठ वाजता फोन कर. मुकुंदालाही घे, तो आपल्या दोघींच्या मधे बोलतो ते बरं असतं. भाड्याच्या कराराची प्रत त्याआधी पाठव, सगळी पानं, फक्त सहीचं पान नको.

मसाल्याची पिशवी बॅगेत उजव्या कप्प्यात आहे. सावजी मसाला वेगळा बांधलाय, तो तुझ्या त्या मॅनेजरला देऊ नको, सोसणार नाही त्याला.

तुझी,
आई