लिव्हरच्या रुग्णाला उपाशी झोपवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संध्याकाळी सातनंतर काही न खाता लिव्हर आणि शुगर दोन्ही ताळ्यावर आणण्याचा कालच्या आरोग्य पुरवणीतला लेख माझ्या यजमानांनी निळ्या पेनने खुणा करून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "बघ, आता पेपरातच आलंय." गेलं वर्षभर मी त्यांची संकष्टी बंद करायला झटते आहे. तासगावच्या माणसाला संकष्टी सोड म्हणणं किती जड जातं ते इथल्यांनाच ठाऊक. आत्ता कुठे ऐकायला लागले होते, तर तुमच्या अर्ध्या पानाने सगळं पाण्यात घातलं.

त्यांना शुगर आहेच, शिवाय सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं. दारूचा थेंब कधी घेतलेला नाही, हेही सांगून टाकते, कारण लिव्हर म्हटलं की लोकांची पहिली शंका तीच असते. मागच्या पावसाळ्यात असाच कुणाचा तरी सल्ला ऐकून त्यांनी सातला एक भाकरी खाल्ली, शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि झोपले. पहाटे चारला मला जाग आली तेव्हा ते कॉटच्या कडेला बसून चादरीच्या टोकाला बटण शोधत होते. बंडी भिजून पाठीला चिकटलेली. आज वार कोणता, विचारलं तर मुलाचं नाव सांगितलं. लिव्हर बिघडलं की रक्तात अमोनिया वाढतो आणि माणूस असं बरळतो, एवढंच मला माहीत होतं. म्हणून मी तो उतरवायचं औषध, लॅक्टुलोज, पाजलं आणि उजाडायची वाट बघत बसले. सुनेने हट्टाने बोट टोचलं म्हणून कळलं, शुगर 41! गिळता येत होतं, म्हणून साखरेचं पाणी चमच्याचमच्याने दिलं. पंधरा मिनिटांनी 78 झाली आणि त्यांनी मला नावाने हाक मारली. ती पंधरा मिनिटं मी विसरणार नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते लेखात कुठेच नाही. आपण झोपतो तेव्हा लिव्हर साठवलेली साखर थोडीथोडी रक्तात सोडत असतं. सिरॉसिसमध्ये तो साठाच उरत नाही. अशा माणसाची एका रात्रीची उपासमार म्हणजे धडधाकट माणसाच्या दोन-तीन दिवसांची, आणि मग शरीर स्वतःचे स्नायू खायला लागतं. ह्यांचे दंड बघा म्हणजे कळेल. त्यात अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल, तर शुगर उतरल्याची धडधड-थरथर नीट जाणवत नाही, घाम तेवढा सुटतो. आमच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद करून मोजून इन्सुलिन दिलं. दिवसा तीन-चार तासांच्या वर पोट रिकामं ठेवायचं नाही आणि झोपताना भाकरी-दूध खायचंच, असं बजावलं.

लेखात तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) उतरली की निश्चिंत व्हा, असंही आहे. ह्यांची सरासरी 5.6 टक्के आली होती, आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. त्याच आठवड्यात जेवणानंतरची 260 निघाली! सिरॉसिसमध्ये प्लीहा (पाणथरी) सुजलेली असली की तांबड्या पेशी लवकर मरतात आणि ती सरासरी खोटीच कमी दिसते.

लेखिकेचा हेतू चांगलाच असणार. नुसतं फॅटी लिव्हर असलेल्या जाड माणसाने वजन उतरवलं तर फायदा होतो, हे मलाही मान्य आहे. पण ‘सिरॉसिस असलेल्यांनी हे करू नये’ एवढी एक ओळ घालायला जागा नव्हती?

आणखी एक. सांगलीच्या एका लॅबमध्ये उपाशीपोटीच्या तपासणीसाठी आम्ही पहिल्या एसटीने गेलो, तर रक्त घ्यायला पावणेअकरा वाजवले. मी मांडीवर डबा धरून बसले होते आणि ह्यांच्या कपाळावर घाम यायला लागला होता. काउंटरवर सांगितलं, तर "नंबर येईल तेव्हा" हेच उत्तर! लिव्हरच्या आणि इन्सुलिनवरच्या रुग्णांचं रक्त आधी घ्या, यावरही कधी लिहा.

तूर्त दुरुस्ती छापा, त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. येत्या संकष्टीच्या आधी आली, तर मीही तिच्यावर निळ्या पेनने खुणा करून ती ह्यांच्यापुढे ठेवीन.

आपली नियमित वाचक,
एक गृहिणी, तासगाव (जि. सांगली)