मुंबई-नागपूर दीड तासात?

मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर आणि प्रवास दीड तासाचा, असे सर्रास छापले जाते. या दीड तासात घर ते विमानतळ ही रखडपट्टी कुठेच धरलेली नसते. सामान देण्याची खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते. म्हणजे निघायचे त्याच्याही बरेच आधी. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी विमान आकाशात घिरट्या घालत राहते. पुढे सामान आणि टॅक्सी. विदर्भातून उपचारासाठी परळला येणाऱ्या रुग्णाला संध्याकाळपर्यंत काय त्राण उरणार? त्याला रात्री झोपून सकाळी उतरवणारी विदर्भ एक्स्प्रेस कित्येकदा सोयीची पडते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचे ‘आठ तास’ही असेच, ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचे, पुढची मुंबई वेगळी. तिकीट विकणाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनीही विमानाच्या वेळेशेजारी दारापासून दारापर्यंतचा अंदाजे वेळ द्यावा. आजारी माणसाला घेऊन निघणाऱ्यांना तोच हवा असतो.

– एक वाचक, नागपूर